गच्चीवरचं लेट्यूस : जुळे सोलापूर, २०२४-२५

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

टॉवेल कारखान्याच्या हिशेबासाठी दोन वह्या आणल्या होत्या. त्यातली एक या कामासाठी ठेवली.

आईला साखर आहे. जेवणात कच्चा पाला जास्त घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मेथी, मुळ्याचा पाला, कांद्याची पात रोज खाऊन ती कंटाळली आहे. बाजारात कधीमधी लेट्यूस दिसतं, पण ते बाहेरगावाहून येतं. इथे पोचेपर्यंत कडा तपकिरी झालेल्या असतात आणि भाव मात्र ताज्या मालाचा. म्हणून ते गच्चीवर करून बघायचं ठरवलं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, कृषी प्रदर्शनात 'ग्रँड रॅपिड्स' वाणाचं पाकीट घेतलं होतं, ते कपाटात पडून होतं.

दुपारी साडेबाराला ९८ खळग्यांचे दोन प्रोट्रे (रोपं करायचे ट्रे) कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाने, भरले. कोथिंबीर पेरतो तसंच बी सेंटिमीटरभर खाली दाबलं आणि पाणी घातलं. दोन्ही ट्रे टाकीच्या सावलीत ठेवले.

१५ ऑक्टोबर

१९६ खळग्यांतून तीन रोपं आली.

बियाण्याला दोष देऊन मोकळं व्हावंसं वाटलं, पण आधी दुपारी दोन वाजता ट्रेच्या कोकोपीटमध्ये तापमापक खुपसला. पारा ३८ वर होता. हवा ३३ अंशांची आणि ट्रे सावलीत, तरीही ३८! गच्चीचा कोबा खालून तापतो आणि काळा प्लास्टिकचा ट्रे वरून, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती.

दोन रात्री वाचण्यात गेल्या. लेट्यूसचं बी १८ ते २१ अंशांत सर्वांत चांगलं रुजतं. साधारण २७-२८ अंशांच्या वर गेलं की ते मरत नाही, झोपतं. गरम जागी एकदा पाणी पिऊन झोपलेलं बी नंतर गारवा मिळाला तरी लवकर जागं होत नाही. म्हणजे बियाला पहिलं पाणी मिळतं ते तास महत्त्वाचे, आणि मी नेमकं भर दुपारी पाणी घातलं.

दुसरी चूक खोलीची. या बियाला रुजायला उजेड लागतो. हे वाचून मी थोडा वेळ वही मिटून बसलो, कारण ज्या प्रयोगातून ही गोष्ट स्पष्ट झाली तो याच वाणावरचा आहे. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रँड रॅपिड्सचं भिजलेलं बी घेतलं. त्यावर तांबडा प्रकाश टाकला की ते रुजायचं. लगेच अतितांबडा, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश टाकला की थांबायचं. पुन्हा तांबडा टाकला की पुन्हा रुजायचं. कितीही वेळा आलटून पालटून टाका, शेवटचा प्रकाश कुठला त्यावर निकाल ठरायचा. वनस्पतींमधलं उजेड ओळखणारं रंगद्रव्य, फायटोक्रोम, या वाटेने सापडलं. शेतातही हेच घडतं. हिरवी पानं तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि अतितांबडा खाली झिरपू देतात. दाट झाडीखाली पडलेल्या बियाला त्यावरून कळतं की वर गर्दी आहे, आत्ता उठू नये.

इतकं जाणतं बी मी सेंटिमीटरभर खाली गाडलं होतं.

१९ ऑक्टोबर

नवं पाकीट आणलं, वाण तोच. एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ हजार बिया, तेव्हा चाचणीला कंजुषी करायचं कारण नाही. कारखान्यातून रंग न लागलेल्या कोऱ्या टॉवेलचे तुकडे आणले. टेरी कापडाच्या फासांत पाणी टिकतं आणि बी वरच राहतं. पाच ताटल्यांत ओला तुकडा अंथरून प्रत्येकीत ५० बिया मोजून ठेवल्या.

पहिली ताटली गच्चीवर सावलीत. दुसरी स्वयंपाकघरात माठाच्या तिवईखाली, जिथे ओल आणि गारवा असतो आणि खिडकीचा उजेडही पोचतो. तिसरी दोन दिवस फ्रीजमध्ये आणि मग माठाखाली. चौथी माठाखालीच, पण वर काळा कागद. पाचवीत जुन्या पाकिटातलं बी, तीही माठाखाली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मोजणी ५० पैकी : गच्ची ४, माठ ३१, फ्रीज आणि माठ ४४, काळा कागद ९, जुनं बी ११.

माठाखाली दुपारचं तापमान २५ आणि पहाटेचं २२. जुनं बी आपल्या उन्हाळ्याने संपवलं असणार. एप्रिल-मेमध्ये आमच्या कपाटातही ३८-३९ अंश असतात. यापुढे उरलेलं बी घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रीजमध्ये.

त्याच संध्याकाळी सहा वाजता खरी पेरणी केली. बी दोन दिवस ओल्या तुकड्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलेलं होतंच. ट्रेमध्ये बी नुसतं वर ठेवलं, दाबलं नाही, चिमूटभर बारीक कोकोपीट भुरभुरवलं इतकंच. वर ओला टॉवेल अंथरला नाही, तो ट्रेच्या खाली घातला. रात्रभर गच्चीवर, सकाळी आठला उचलून माठाशेजारी. त्यात १२ खळगे रोमेनचे आणि सहा आइसबर्गचे, हे लेट्यूसचेच दुसरे प्रकार. आइसबर्गचा गड्डा बांधायला ७५-८० दिवसांचा गारवा लागतो, तेवढा सोलापूरकडे आहे की नाही तेही बघू.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

१९६ पैकी १६३ उगवली. बायकोने पणत्यांच्या ओळीत ट्रेसमोरही एक पणती लावली.

४ नोव्हेंबर

रोपांच्या माना लांबल्या, उजेड कमी पडतोय. आता दिवसभर गच्चीवर पूर्वेच्या कठड्याशी ठेवतो, सकाळचं ऊन साडेदहापर्यंत मिळतं. एका कोपऱ्यातली ११ रोपं बुंध्याशी बारीक होऊन कोलमडली. रात्री पाणी जास्त झालं. इथून पुढे पाणी फक्त सकाळी, तेही ट्रे परातीत ठेवून खालून.

१० नोव्हेंबर, रविवार

क्रेट भरले. डाळिंबाच्या व्यापाऱ्याकडून आठ जुने प्लास्टिकचे क्रेट मिळाले. आतून गोणपाट लावलं आणि १८ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरलं. लेट्यूसची मुळं वरवर असतात, एवढी खोली पुरते.

मातीवर माझा आणि मेव्हण्याचा वाद झाला. त्याचं शेत अक्कलकोट रस्त्याला आहे. म्हणाला, "दाजी, आमच्या काळ्या रानाची माती न्या की, जगात तिच्यासारखी दुसरी नाही." शेतात ती खरंच सोनं आहे. पाऊस धरून ठेवते आणि त्या ओलीवर मालदांडी ज्वारी उभी राहते. पण क्रेटमध्ये तीच माती पाणी घातलं की लगदा होते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. म्हणून तिचा वाटा चौथाई ठेवला. एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन वाटे कोकोपीट. कोकोपीट तीन पाण्यांतून धुऊन घेतलं, कारण त्यात नारळाच्या सोडणाचे क्षार असतात.

क्षारांवरून पाण्याचं आठवलं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा रंगाईखात्यातला टीडीएस मीटर एका दिवसासाठी मागून आणला. आमच्या बोअरचं पाणी लिटरला १२४० मिलिग्रॅम, नळाचं ३१०. लेट्यूस या बाबतीत नाजूक आहे. मातीच्या अर्काची क्षारता १.३ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली, की पुढच्या प्रत्येक एककाला उत्पादन साधारण १३ टक्क्यांनी घटतं. १२४० चं बोअर म्हणजे पाणीच जवळजवळ दोनला टेकलेलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून दोनशे लिटरचं एक पिंप फक्त या क्रेटांसाठी भरून झाकून ठेवायचं ठरलं. घरात यावर थोडी कुरकुर झाली. मी भांडी धुण्याला बोअरचं पाणी वापरायचं कबूल केलं आणि ती भांडी मी घासायची हेही.

१७ नोव्हेंबर, रविवार

लागवड. २२ दिवसांची, चार पानांवरची रोपं. क्रेटला सहा, म्हणजे ४८. संध्याकाळी लावली, रोपाचा गाभा मातीत बुजणार नाही हे बघून. उरलेली रोपं गल्लीत वाटली.

२३ नोव्हेंबर

चिमण्यांनी सात रोपं उपटली. जुन्या मच्छरदाणीचं कापड वरून ताणून बांधलं. पहाटेचं तापमान १४.

४ डिसेंबर

चार दिवस ऊन नाही. बंगालच्या उपसागरातल्या फेंगल वादळाचे ढग इथवर आलेत आणि पहाटेची थंडी गेली, पारा २१ वर. रोपं मात्र झपाट्याने वाढतायत, आणि त्यातूनच दोन तक्रारी उभ्या राहिल्या.

एक मावा. पानामागे, गाभ्याजवळ हिरवट गोळे. खाण्याचाच पाला आहे, त्यामुळे औषध मारायचा प्रश्नच नाही. पिचकारीने पाण्याचा फवारा पानामागून मारला आणि दुसऱ्या दिवशी पाच टक्के निंबोळी अर्क. अर्क मारलेली पानं आठवडाभर तोडायची नाहीत.

दुसरी तक्रार समजायला वेळ लागला. रोमेनच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. मला आधी वाटलं, पिंप रिकामं असताना धाकट्या लेकीने बोअरचं पाणी घातलं असेल. तिला उगीच बोललो. क्षाराने करपतात ती बाहेरची, जुनी पानं, कारण क्षार तिथे साचत जातात. आतली नवी पानं करपतात ती कॅल्शियम न पोचल्याने. मातीत कॅल्शियम भरपूर आहे, काळी माती चुनखडीचीच. पण कॅल्शियम पाण्याबरोबर वाहतं आणि पाणी वर ओढलं जातं ते पानांतून बाष्प उडतं म्हणून. ढगाळ, दमट हवेत बाष्प उडत नाही, गाभ्यातल्या मिटलेल्या पानांतून तर नाहीच, आणि रोप मात्र वाढतच राहतं. अशा वेळी आणखी खत घालणं म्हणजे आगीत तेल. शेणखताचं पाणी बंद केलं, क्रेट एकमेकांपासून दूर सरकवले, मच्छरदाणी दिवसा काढून ठेवली. धाकटीची माफी मागितली. आता तिने पिंपावर खडूने 'लेट्यूस' असं लिहिलंय.

१२ डिसेंबर

पहिली तोडणी, पेरणीपासून ४७ वा दिवस. बाहेरची पानं तोडायची, गाभ्याची पाच-सहा ठेवायची, म्हणजे रोप पुन्हा देतं. १४ रोपांतून ४१० ग्रॅम.

सकाळी सातला तोडली. पानं रात्रभर पाणी पिऊन तटतटलेली असतात. दुपारी तोडली तर तासाभरात माना टाकतात.

आई कठड्याशी खुर्ची टाकून बसली होती. मी पान खुडलं तशी म्हणाली, "थांब. दे इकडं." देठाला पांढरा थेंब आला होता. तिने तो बोटावर घेतला, चोळला, जिभेला लावला. मग म्हणाली, "आरं, ह्याला चीक हाय. ही तर पाथरीच की!"

मी वहीत बघून सांगितलं, याचं शास्त्रीय नाव लॅक्टुका, म्हणजे लॅटिनमधल्या दुधावरूनच. ती ऐकत नव्हती. तिच्या माहेरी, मंगळवेढ्याकडे, रब्बीच्या रानात खुरपायला गेलं की बांधाकडेची पाथरी ओट्यात भरून आणायची, झटकायची, धुवायचीही नाही, आणि भाकरीबरोबर कच्चीच खायची. सोबत शेंगाची चटणी. बाळंतिणीला मुद्दाम द्यायचे, दूध वाढतं म्हणून. शेजारच्या कानडी काकू भांडी वाळत घालता घालता म्हणाल्या, "आमच्याकडं हक्करकी म्हणतात बघा, तीबी अशीच खातो रोटीसंगं."

दुपारी आईने लेट्यूसचं पान वाटीत घातलं नाही, लिंबू-मिठाला हात लावला नाही. ज्वारीची भाकरी, वर चटणी, वर तेलाची धार आणि पान चारदा दुमडून घासाबरोबर. दोन पानांऐवजी नऊ खाल्ली. मी मोजली.

रात्री शोधलं. लेट्यूस आणि पाथरी एकाच कुळातली, सूर्यफुलाच्या, आणि त्यातही चिकाच्या एकाच गटातली. आमच्या जिल्ह्यातली करडईही त्याच कुळातली, जिचा कोवळा पाला आपण भाजी करून खातो. परक्या पाल्याला माझ्या गच्चीत रुजवतोय असं मी दोन महिने समजत होतो. ज्या बाईसाठी हा खटाटोप, तिला ते कूळ सत्तर वर्षांपासून ओळखीचं.

२० डिसेंबर

दुसरी पेरणी, ९८ खळगे, पद्धत तीच. आता पहाटे १२ अंश, फ्रीजची गरज नाही. पाचव्या दिवशी पाहू.

३० डिसेंबर, सोमवार, वेळ अमावस्या

मेव्हण्याच्या शेतावर. कडब्याच्या कोपीत पूजेला पाच पांडव म्हणून पाच दगड मांडले होते. आंबील, भज्जी, उंडे. ज्वारी पोटरीत आलेली. सगळे जेवून लवंडले तेव्हा आई आणि मी बांधाने निघालो, सोबत मेव्हणाही आला. पाथरी शोधायची होती.

पहिल्या दोन बांधांवर काहीच नाही. तणनाशक मारल्यापासून बांध स्वच्छ झालेत, असं मेव्हण्याने मागे अभिमानाने सांगितलं होतं. आज तो गप्प होता. शेवटी विहिरीच्या दांडाकडे, म्हणजे पाण्याच्या पाटाकडे, जिथे फवारणीचा पंप पोचत नाही, तिथे आईला दिसली. जमिनीला चिकटलेली पानं, कडा कातरलेल्या, मधून वर आलेली देठं आणि पिवळी फुलं. मी एकट्याने गेलो असतो तर तण म्हणून तुडवून पुढे गेलो असतो. आईने वाकून पान खुडलं, चीक बघितला आणि अर्धं मला दिलं. लेट्यूसपेक्षा जाड आणि चांगलंच कडू. नंतर मात्र जिभेवर गोडसर काहीतरी राहतं.

एक रोप मुळासकट, मातीच्या गड्ड्यासह घेतलं. मेव्हण्याने स्वतः खुरपं आणून दिलं आणि म्हणाला, "आक्का, हा दांड मी आता तसाच ठेवतो."

१३ जानेवारी २०२५, भोगी

तिळाची बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आणि ताटात लेट्यूस. आजवरची एकूण तोडणी ३ किलो ८०० ग्रॅम. आइसबर्गच्या सहापैकी दोघांचे गड्डे मुठीएवढे बांधले, बाकीचे पसरलेलेच. ते पुन्हा लावणार नाही.

पाथरीचं रोप जगलं. आठव्या क्रेटमध्ये लेट्यूसच्या शेजारी आहे.

२६ जानेवारी

दुसऱ्या पेरणीची रोपं लागली, चाळीस. दुपारचं कमाल ३१. गड्ड्याची गर्दी अजून आहे, होम मैदानाच्या बाजूला गाडी नेली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

कमाल ३५. पहिल्या लागवडीच्या रोपांचा गाभा वर सरकू लागला. पानं लांबट, टोकदार आणि दोन पानांमधलं अंतर वाढतंय. फुलावर जायची ही पहिली खूण. दिवस मोठा होतोय आणि ऊन वाढतंय, दोन्ही मिळून रोपाला सांगतात की आता बी धर. पान तोडलं की चीक आधीच्या दुप्पट येतो आणि कडवटपणा त्या चिकातलाच. एकदा दांडा धरला की तो मागे नेता येत नाही. ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधली ती फक्त दुसऱ्या लागवडीसाठी.

पहिल्या लागवडीतली ३० रोपं एका दमात काढली, गल्लीत वाटली. दोन सर्वांत उशिरा दांडा धरणारी रोपं बियाला ठेवली. लवकर फुलावर जाणाऱ्याचं बी ठेवलं तर पुढच्या वर्षी तेच पदरी पडेल.

बायकोने कडवट पानं चिरून मुगाच्या डाळीत टाकली. चांगली झाली.

२ मार्च

दुसऱ्या लागवडीची शेवटची तोडणी. जाळीने दोन आठवडे मिळाले, त्याहून जास्त नाही. कमाल ३७. वर्षाची एकूण तोडणी ६ किलो १५० ग्रॅम. पुढच्या वर्षी दुसरी पेरणी २० डिसेंबरला नको, २० नोव्हेंबरला हवी. पहिली दिवाळीच्या आधी आठ दिवस, संध्याकाळीच.

३० मार्च, गुढीपाडवा

बियाला ठेवलेल्या दोन रोपांची उंची माझ्या छातीएवढी. पिवळी फुलं सकाळी दोन-तीन तास उघडतात आणि मिटतात ती कायमची. परागीभवन आपलं आपल्यातच होतं, त्यामुळे वाण मिसळायची भीती फार नाही. खालच्या बोंडांना पांढरे तुरे आलेत. बोंड तळहातावर चोळलं की राखाडी बी मोकळं होतं. चाळणीतून काढून वजन केलं, साडेतीन ग्रॅम भरलं. अजून निम्मी बोंडं हिरवी आहेत.

शेजारच्या पाथरीलाही तसेच तुरे आलेत. वारा सुटला तशा दोन्हीकडच्या म्हाताऱ्या गच्चीभर उडाल्या आणि धाकटी त्यांच्यामागे धावली. तिने पकडून आणलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुठली कुणाची, ते आईने एकेक बी नखावर धरून सांगितलं.

दोन डब्या केल्या. एकीवर 'लेट्यूस, मार्च २०२५' आणि दुसरीवर 'पाथरी, मेव्हण्याचा दांड'. दोन्ही फ्रीजमध्ये, वरच्या कप्प्यात.